साडेतीनला न जाणवणारी गोष्ट

कागदावर सातव्या ओळीत विचारलं होतं, 'तुमच्या यंत्रमानवाला कोणती एक गोष्ट जाणवत नाही?' आणि त्याने तिथे 'किळस' असं लिहून टाकलं. विचार न करता. आधीच्या सहा ओळींना त्याने पाऊण तास घेतला होता. उंची, वजन, कुणी बनवला, कशासाठी बनवला, कातडीचा रंग, आवाज. सगळीकडे खाडाखोड होती. सातव्या ओळीवर मात्र पेन्सिल नुसती टेकली आणि शब्द बाहेर पडला, दुखऱ्या दाढेवर बोट ठेवल्यावर माणसाच्या तोंडून आवाज निघावा तसा. तो त्या शब्दाकडे बघत राहिला. अक्षर त्याचंच होतं. मग त्याने डाव्या हाताचा पंजा त्यावर ठेवला, परीक्षेत शेजारच्याने बघू नये म्हणून ठेवतात तसा. शेजारी वकील होता. तो काडीने दात कोरत होता आणि निघालेला ऐवज डोळ्यांसमोर धरून तपासत होता.

वकिलाच्याच ऑफिसची ती मागची खोली. पुढे अशिलं बसायची, मागे निकाल लागून गेलेल्या खटल्यांच्या फायली, आणि फायलींच्या मधोमध एक लांब टेबल. जुना कागद, उंदरांच्या लेंड्या आणि वकिलाच्या डोक्याचं तेल, या तिन्हींचा मिळून एक वास त्या खोलीत बसला होता. दर रविवारी तीन ते सहा इथे चार माणसं खेळायची. शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारा मास्तर गोष्ट सांगायचा, एका जुनाट मालवाहू यानाची, आणि बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. आपलं माणूस आधी कागदावर तयार करायचं. मग मास्तर विचारणार, दार उघडलंय, आत अंधार आहे, तू काय करतोस? जे करायचं ते आपण सांगायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवणार. वकील यानाचा कप्तान होता, एक आजारी, खवचट म्हातारा. सरकारी दवाखान्यात ऑपरेशनच्या वॉर्डात काम करणारी एक सिस्टर होती, ती यान चालवायची आणि जमेल तिथे चोरी करायची. त्याच्यासाठी मास्तरने यंत्रमानव राखून ठेवला होता. "नवीन माणसाला यंत्रमानव बरा," मास्तर म्हणाला होता. "काही चुकलं तर मशीन बिघडलं म्हणता येतं."

तो स्वतः दातांच्या कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यामागे त्याची लॅब होती, एक खिडकी, दोन दिवे, प्लास्टरने पांढरी झालेली फरशी. मास्तरच्या दाढेवर बसवायच्या टोपीचा रंग जुळेना म्हणून डॉक्टरने मास्तरलाच मागे पाठवलं, आणि खिडकीच्या उजेडात आ वासून बसल्या बसल्या मास्तरने त्याला खेळाची माहिती सांगितली. त्याने घरी येऊन सहज बायकोला सांगितलं. "जा ना," ती लगेच म्हणाली. "तीन तास वेगळी तोंडं बघ." गुरुवारी सकाळी आणि रविवारी दुपारी ती पोटावरची चकती बदलायची. तो घरात नसावा असं तिला वाटत होतं, आणि आपण घरात नसावं असं त्याला वाटत होतं, आणि दोघांनी ते खेळाच्या नावाखाली इतकं चटकन उरकलं, की जिना उतरताना त्याला स्वतःच्या पायांच्या उत्साहाची शिसारी आली.

लॅबमध्ये त्याला कधी किळस आली नव्हती. वीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडांची मापं त्याच्या टेबलावर येत होती, गुलाबी रबरात उमटलेल्या हिरड्या, कडेला वाळलेली लाळ, कधी रक्ताची रेघ, कधी दुपारच्या जेवणाचा कण. तो ते नळाखाली धुवायचा, हातमोजे असले तर घालायचा, नसले तर नाही, आणि शेजारीच ठेवलेला चहा प्यायचा. मेलेल्या माणसाची कवळी त्याच्या मुलाने परत आणून दिली होती, ती त्याने साधी वाटी पुसावी तशी पुसली होती. आपल्यात किळस हा भागच नाही, अशी त्याची समजूत होती. लग्न झाल्यावर बायको म्हणायची, "तुला काहीच कसं वाटत नाही रे?" आणि त्यात थोडं कौतुकही असायचं. मग चार महिन्यांपूर्वी तिच्या आतड्यातली गाठ काढली, आतड्याचं तोंड पोटावर आणलं आणि तिथे चिकटणाऱ्या चकतीची पिशवी लावली. पिशवी बहुधा कायमची, असं सर्जनने सांगितलं, आणि 'बहुधा'वर जरा जास्त जोर दिला. चौथ्या दिवशी वॉर्डातली एक मुलगी ती कशी बदलायची ते दोघांना शिकवायला आली. तिने पांघरूण बाजूला केलं. आणि तो समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. औषधाच्या कंपनीचं कॅलेंडर. त्यावर एक धबधबा होता. त्याने धबधब्यातले दगड मोजले. वास त्याच्या नाकापर्यंत आला होता, गोडसर, आंबूस, आतल्या गोष्टीला बाहेरची हवा लागल्याचा वास, आणि त्याच्या गळ्यात काहीतरी वर सरकत होतं. बायको कॅलेंडरकडे बघत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती. "मलाच शिकवा," ती त्या मुलीला म्हणाली. "त्यांचे हात सदा प्लास्टरमध्ये असतात. चुकून माझंच पोट लिंपून टाकतील." मुलगी हसली. तोही हसला. ते हसू अजून त्याच्या तोंडात होतं, खराब दात असावा तसं. जीभ राहून राहून तिकडे जायची.

"वाचून दाखवा की तुमचा माणूस," मास्तर म्हणाला. त्याने पंजा काढला. यंत्रमानवाचं नाव साडेतीन. तिसऱ्या आवृत्तीत सुधारणा करून काढलेला, म्हणून साडेतीन. काम, यानावरच्या आजाऱ्यांची सेवा. उंची मध्यम. पायांचा आवाज येत नाही. दातांबद्दल त्याने आठ ओळी लिहिल्या होत्या, सुळ्यांची टोकं थोडी झिजवलेली, पुढच्या दोन दातांत केसाएवढी फट, कारण बिनचूक दात बघितले की माणसाचा विश्वास बसत नाही. वकील खदखदून हसला. "अहो, याला दात कशाला? हा खातो काय, तेल?" मास्तरला मात्र दात आवडले. शेवटी त्याने सातवी ओळ वाचली, भरभर, आवाज न बदलता. "किळस नाही."

"वा," मास्तर म्हणाला. "आता आठवी ओळ. एक गोष्ट काढली की तिच्याबरोबर आणखी एक जाते. ती कोणती? ते लिहिल्याशिवाय तो यानात चढू शकत नाही."

"काही जात नाही," तो म्हणाला. "फक्त किळस जाते. फायदाच आहे."

"असला माणूस माझ्या वॉर्डात आला तर मी हाकलून देईन," सिस्टर म्हणाली. ती चहात बिस्किट बुडवत होती. ठेंगणी, जाड बोटांची बाई, आवाज घोगरा. "जखम सडायला लागली की आधी नाकाला कळतं. डोळ्याला मागनं. घाणच वाटली नाही तर बघणार कसा हा? पुसून मोकळा होईल."

"तुम्हाला वाटते?" त्याने विचारलं. "इतक्या वर्षांनी?"

"रोज." बिस्किटाचा भिजलेला तुकडा कपात पडला, तिने तो बोटाने काढून खाल्ला. "परवा एकाची पट्टी सोडली तर मास्कच्या आत पाढे म्हणत होते मी. एकोणीसचा. तो म्हणेपर्यंत काम होतं." आणि तिने बोट चाटलं. त्याला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्याला तिच्या बोटाची किळस आली, तिच्या कपातल्या गाळाची, त्या सरळ, उघड्या सांगण्याची. तिला वाटते आणि ती करते. मग त्याच्याजवळ काय उरलं? घडी घालून त्याने तो कागद शर्टाच्या खिशात ठेवला आणि आठवी ओळ घरून लिहून आणतो म्हणाला.

घरी आला तेव्हा न्हाणीघराच्या खिडकीचा पंखा चालू होता आणि सगळीकडे उदबत्त्यांचा धूर होता. एक नाही, चार लावलेल्या. तिच्या ऑपरेशननंतर त्याला उदबत्तीचा वास सोसेनासा झाला होता, कारण त्याच्याखाली दुसरा वास आहे हे नाकाला पाठ झालं होतं. आणि तो वास नसला तरी नाक त्याला शोधायचंच. तो त्या शोधणाऱ्या नाकावर चिडायचा. टॉवेल केव्हाच वेगळे झाले होते. कुणी वेगळे केले ते आठवत नव्हतं. एके दिवशी एक निळा आणि एक पांढरा असे दोन खिळ्यांवर दोन टॉवेल होते एवढंच. 'तुला नीट झोप लागावी' म्हणून तो पुढच्या खोलीतल्या दिवाणावर झोपायला लागला होता. ती गाडी शिकवायची, म्हणजे ऑपरेशनपर्यंत शिकवायची, लोकांच्या शेजारी बसून, पायाखाली जादा ब्रेक ठेवून. वीस वर्षं घाबरलेल्या माणसांच्या शेजारी बसलेली बाई. माणूस कधी डोळे मिटणार ते तिला त्याच्या मानेवरून कळतं, असं ती सांगायची. पूर्वी तो त्यावर हसायचा.

आणि तो बाहेरून दार वाजवून विचारायचा, न चुकता, "काही हवंय का गं?" आतून 'नको' यायचं. मग तो स्वयंपाकघरात जाऊन मोठ्याने भांडी लावायचा. किती जपतो हा तिला, असं शेजारच्या वहिनी म्हणायच्या. भाजी तो आणायचा, कपडे तो धुवायचा, गोळ्यांची डबी तो भरायचा, सकाळ, दुपार, रात्र. डबीसारख्या कोरड्या गोष्टींत त्याचं प्रेम उतू जात होतं. एकदा तिचा भाऊ आणि भावजय जेवायला आले होते, गप्पा चालू होत्या, आणि एकाएकी तिच्या पोटातून आवाज आला, लांब, ओला, मध्येच फुटलेला. तिच्या हातात नव्हतं ते, पोटावरच्या त्या तोंडाला आवरायला काही नसतं. तो ताबडतोब खोकला. जोरात, दोनदा, तीनदा, भावजयीने पाणी पुढे करेपर्यंत. त्याला वाटलं होतं आपण तिला वाचवलं. त्या दिवसापासून आवाज आला की तो खोकायचा.

मंगळवारी संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "साडेतीन म्हणजे काय?" कागद तिच्या ताटाशेजारी होता, घड्या सरळ केलेला. शर्ट धुवायला टाकताना तिने खिसा तपासला असणार. कपडे तो धुवायचा, पण खिसे तीच बघायची. "मॉडेलचा नंबर," तो म्हणाला. "खेळातला आहे तो. गंमत."

"दात छान केलेयस." तिने बोट खाली खाली आणलं. "आजाऱ्यांची सेवा. पायांचा आवाज येत नाही." बोट सातव्या ओळीवर थांबलं. तिने ते वाचलं नाही. नखाने त्या शब्दाच्या खाली एक रेघ ओढली, पेन्सिलची नाही, नुसती नखाची, कागदावर खळगा राहील अशी. "चांगलाय. आपल्याकडे कधी येणार?"

तो हसला. काय करावं ते न कळून हसला, आणि हसताना तोंडातला भात त्याला अचानक पूर्णपणे जाणवला, चावलेला, लाळेत कालवलेला, ऊन. तो गिळवेना.

"हसतोस काय? मी विचारतेय."

आणि नेमका तेव्हाच तो आवाज आला, यावेळी छोटा, बुडबुडा फुटावा तसा. तो खोकला. तिने चमचा खाली ठेवला. "खोकू नकोस," ती म्हणाली.

"घशात जरा..."

"घशात काही नाही तुझ्या. घरात कुणी नाही. तू आणि मी आहोत. तू कुणापासून लपवतोयस?"

ती उठली आणि ताट घेऊन ओट्याशी गेली. थोड्या वेळाने त्याने तोंडातला घास ताटाच्या कडेला काढून ठेवला. राखाडी, दातांखाली माती झालेला एक गोळा. हे दिवसातून तीनदा आपल्या तोंडात तयार होतं आणि आपण ते आत ढकलतो, असं त्याच्या मनात आलं. पुढे त्याचं काय होतं तेही माहीत होतं. तिचं तेवढं बाहेर आणून ठेवलंय आणि पारदर्शक प्लास्टिकमधून दाखवलंय. हे सगळं त्याला कळत होतं. डोक्यात अगदी स्वच्छ होतं. गळ्याला मात्र कळत नव्हतं. गळा म्हणजे एक वेगळाच अडाणी प्राणी होता, आणि तो प्राणी घेऊन तो चार महिने घरभर हिंडत होता. बुधवारी लॅबमध्ये एका म्हातारीच्या कवळीला गुलाबी हिरड्या चढवताना त्याने आठवी ओळ लिहायचा प्रयत्न केला. किळस गेली की चव जाते. खोडलं. किळस गेली की लाज जाते. खोडलं. मग सिस्टरचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, सडलेलं कळत नाही, आणि आपल्याजवळ स्वतःचं उत्तर नाही म्हणून पेन्सिल ड्रॉवरमध्ये टाकली.

पुढच्या रविवारी साडेतीन यानात चढला. कप्तानाला ताप आला होता. वकिलाला हे फार आवडलं. तो खुर्चीत लोंबकळला, डोळे पांढरे केले, आणि घशातून असे आवाज काढायला लागला की मास्तरने फासे बाजूला केले. "कप्तान ओकतोय," मास्तर म्हणाला. "बिछाना, कपडे, सगळं. साडेतीन, तू काय करतोस?"

"त्याचं तोंड पुसतो," तो म्हणाला. "कपडे काढतो. कोमट पाण्याने अंग पुसतो. चादर बदलतो."

"त्याला जुलाबही झालेत," वकील डोळे न उघडता, आनंदाने म्हणाला.

"तेही साफ करतो."

"फासे टाकायची गरजच नाही," मास्तर म्हणाला. "याला हे जमतंच. झालं."

झालं. पाच वाक्यांत झालं. सिस्टर त्याच्याकडे बघत होती, चहाचा कप ओठांना लावून. वकिलाने हनुवटीवरची खोटी लाळ पुसली. ती खोटी नव्हती, खरीच आली होती, त्याच्या बाहीवर ओला डाग पडला होता. ते बघून त्याला सगळ्या टेबलाचाच उबग आला, बिस्किटांचा चुरा, घामेजलेले फासे, तो कागदावरचा सभ्य, सुळे झिजवलेला मशीनचा माणूस जो त्याच्या तोंडून बोलत होता. आणि आपल्याला खरोखर बरं वाटलं होतं, 'तेही साफ करतो' म्हणताना छाती थोडी फुगली होती, हे आठवून तो खुर्चीतल्या खुर्चीत आक्रसला. तेवढ्यात फोन वाजला. बायको होती. ती रविवारी या वेळी कधीच फोन करत नसे.

"चिकटत नाहीये," ती म्हणाली. आवाज शिकवतानाचा होता, सपाट. "दोन वाया गेल्या. एकच उरलीय. ये."

तो उठला. कुणाला काय सांगितलं ते त्याला नंतर आठवलं नाही. रस्ता दहा मिनिटांचा होता. तो चालत गेला, मग पळत, मग परत चालत, कारण पळालं तर लवकर पोचणार. तीन कोपऱ्यांवर त्याने तीन वेगळ्या पळवाटा तयार केल्या. सिस्टरला पाठवता येईल. दवाखान्यात नेता येईल. शेजारच्या वहिनी आहेत. औषधाच्या दुकानासमोर तो थांबलाही, आत एक माणूस खोकल्याचं औषध मागत होता, आणि काचेत त्याला स्वतःचं तोंड दिसलं, ओठ घट्ट मिटलेले, नाकपुड्या आत ओढलेल्या. इथे रस्त्यावर कसलाही वास नव्हता. तरी ते तोंड तसंच होतं. चार महिने ते तसंच असावं.

न्हाणीघराचं दार उघडं होतं. ती प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती, गाऊन छातीपर्यंत वर धरलेला, मांडीवर पांढरा टॉवेल, तो आता पांढरा नव्हता. पायाशी दोन चुरगळलेल्या चकत्या पडल्या होत्या. उदबत्ती लावायला तिला वेळ झाला नव्हता. "आत ये," ती म्हणाली. "दार लावू नकोस, उकडतंय. आता बघ."

त्याने बघितलं. आधी तिच्या गुडघ्यांकडे, मग टाक्यांच्या रेघेकडे, मग तिथे. लाल होतं ते. ओलं, लाल, मुडपलेल्या ओठासारखं, आणि ते हलत होतं, आपलं आपण, आक्रसत आणि सैल होत. त्याच्याभोवतीची कातडी मात्र वेगळ्याच रंगाची होती. सोललेली, चकचकीत, कडेने रक्ताचे बारीक ठिपके. बघता बघता त्या तोंडातून थोडं बाहेर आलं आणि त्या सोललेल्या कातडीवरून खाली ओघळलं, आणि तिने दात आवळले. तो बेसिनकडे वळला आणि ओकला, वकिलाकडचा चहा, बिस्किटं, सगळं. दोन्ही हातांनी बेसिन धरून ओकला.

"झालं?" मागून ती म्हणाली. "चूळ भर. घाई नाही. मग ये."

तो चूळ भरून आला. तिच्यासमोर गुडघे टेकून फरशीवर बसला. फरशी ओली होती. "हे भोक मोठं कापलंयस," तो म्हणाला, एक चकती उचलून. आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही.

"दवाखान्याने दिलेल्या मापाने कापते."

"ते माप तेव्हाचं. सूज उतरलीय, ते लहान झालंय. आता मध्ये एवढी उघडी कातडी राहते. त्यावर सगळं..." तो थांबला. "हे कधीपासून?"

"महिना झाला असेल."

"आग होत असेल."

"होते ना."

"मग तुला दिसलं नाही?"

"वरून दिसत नाही खालचं. आरशात उलटं दिसतं." ती त्याच्याकडे बघत नव्हती, नळाकडे बघत होती. "समोर कुणीतरी बसायला लागतं." त्याने ओल्या कापसाने पुसायला सुरुवात केली. पहिल्या स्पर्शाला तिच्या मांड्या ताठ झाल्या. तो नाकाने श्वास घेत नव्हता, तोंडाने घेत होता, आणि ते तिला ऐकू गेलं असावं, कारण ती म्हणाली, "एक सांगू? मला तुझी किळस येते."

त्याचा हात थांबला.

"दाराबाहेर उभा राहून विचारतोस ना, काही हवंय का गं, तेव्हा तू नाक धरलेलं असतंस. आवाजावरून कळतं. सर्दी झाल्यासारखा येतो. नाक धरून इतकं गोड बोलतोस. मला शिसारी येते तुझी तेव्हा. हिची यायची आधी," तिने हनुवटीने पोटाकडे दाखवलं. "पहिला महिनाभर. मीही ओकलेय इथेच. आता हिची नाही येत. तुझी येते. तू जेवताना खोकतोस तेव्हा येते. गोळ्यांची डबी भरून मला दाखवायला आणतोस तेव्हा तर फार."

चार महिने तो स्वतःच्या किळसेला एखाद्या गुप्त रोगासारखा सांभाळत होता, तिला दिसू नये, तिला लागू नये; आणि या सगळ्या वेळात बंद दाराच्या आत बसून कुणी आपल्याला असं बघत असेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. आपला गोड आवाज तिला कसा ऐकू येत असेल. ओला. चिकट. तेवढ्यात ते तोंड पुन्हा हललं आणि त्याच्या बोटांवर, मनगटावर, शर्टाच्या बाहीत ऊन काहीतरी आलं.

"शी!" तो ओरडला. "शी, शी, घाण!"

आणि ती हसायला लागली. आधी नाकातून, मग मोठ्याने, टाके दुखतात म्हणून पोट धरावं तर धरायला जागा नाही, हात हवेत ठेवून ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "म्हण," ती म्हणाली. "अजून म्हण." त्याने हात झटकला, ते भिंतीवर उडालं, त्याला पुन्हा उमासा आला, तो कोरडाच गेला. हसणं मध्येच कधीतरी हसणं राहिलं नाही. तो बाही वर करून बसून राहिला, ती गप्प होईपर्यंत. मग त्याने नव्या मापासाठी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, लावून बघितला, आणखी जरा कापला. मग शेवटची चकती त्या पुठ्ठ्यावर ठेवून कात्री धरली. "सावकाश," ती म्हणाली. "बघ आधी, मग कापायचं. आता खालून लाव. खालून वर. दाबू नकोस, नुसतं टेकव. तुझे हात बर्फ झालेत, चोळ जरा. हं. आता हात तसाच ठेव. उचलायचा नाही."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत," ती म्हणाली आणि त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

चकतीखाली त्याच्या तळव्याला ते हललेलं कळत होतं. वास आता त्याच्या बाहीत होता, केसांत होता, तोंडात ओकारीची आंबट चव होती. त्याला ताबडतोब उठून पळावंसं वाटत होतं आणि गुडघ्यांखाली फरशीचं पाणी गार लागत होतं. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, थांबत, परत घेत, ती कान देऊन ऐकत म्हणाली, "आरसा बघत नाहीये तो." गाडी कशाला तरी हलकेच लागली. मग शांत झालं.

"येते अजून?" तिने विचारलं.

"हो."

"खूप?"

त्याने मान वर केली. चार महिन्यांत इतक्या जवळून तिचं तोंड त्याने बघितलं नव्हतं. ती बारीक झाली होती, वरच्या ओठावर घाम होता, आणि ती त्याच्याकडे बघत होती, शेजारच्या सीटवरून बघावं तशी.

"खूप," तो म्हणाला.

तिने मान हलवली, हिशोब लागल्यासारखी. मग त्याच्या हातावरचा स्वतःचा हात काढला आणि गाऊन खाली सोडला.

"पुढची गुरुवारी," ती म्हणाली. "सकाळी सात वाजता. आधी काही खाऊ नकोस."